रोनेव्हलचा डोंगर आणि गावाचं मत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

खडी ही आपल्या आयुष्यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी. रस्ता, पूल, धरण, घराचा स्लॅब, रेल्वेचे रूळ, सगळं तिच्यावर उभं असतं. पण धान्याचे भाव वाढले की बातमी होते, खडीचे वाढले तर फक्त ठेकेदाराला कळतं. तिची आठवण आपल्याला होते ती घाटात एखादा अर्धा कापलेला डोंगर दिसला की. मग आपण हळहळतो आणि त्याच डोंगराच्या खडीने केलेल्या रस्त्यावरून पुढे जातो.

दगडाचं अर्थशास्त्र मोठं गमतीचं आहे. खाणीत तो स्वस्त असतो, वाहतुकीत महाग होतो. ट्रकने फार लांब न्यायचा म्हटलं तर दगडापेक्षा डिझेलच जास्त. म्हणून दगडखाणी शहरांना चिकटून असतात. आणि शहरांना चिकटून असतात म्हणून शहर वाढत वाढत खाणीपर्यंत पोचलं की भांडणं सुरू होतात. सुरुंगाने भिंतींना तडे गेले, क्रशरची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, विहिरीचं पाणी आटलं, या तक्रारी आपल्याकडे कुठल्याही तालुक्याला नव्या नाहीत. त्या इंग्लंडलाही नव्या नव्हत्या. आज आपण पाहणार आहोत ती गोष्ट तिथूनच सुरू होते. ती आहे एका डोंगराची, एका परवानगीच्या अर्जाची आणि ‘गावाचं मत’ नावाच्या, दिसायला सोप्या पण धरायला अवघड अशा गोष्टीची.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटाररस्त्यांची कामं जोरात होती. इंग्लंडच्या दक्षिण भागात दगड लागत होता, पण तिथल्या लोकांना आपल्या गावाजवळ खाण नको होती. सरकारने नेमलेल्या व्हर्नी समितीचा अहवाल १९७६ साली आला. त्यात एक कल्पना मांडली होती: स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि वस्ती विरळ आहे, तिथे अवाढव्य खाणी काढाव्यात आणि दगड जहाजाने न्यावा. समुद्रमार्गे वाहतूक ट्रकच्या मानाने फारच स्वस्त. अशा खाणीला तिकडे ‘सुपरक्वारी’ म्हणू लागले. आपण तिला महाखाण म्हणू.

अशी पहिली महाखाण १९८६ साली ग्लेनसांडा इथे सुरू झाली. तिथे जायला रस्ता नाही, कामगारसुद्धा बोटीने जातात. डोंगराच्या पोटात सुमारे ३०० मीटर खोल उभं भुयार पाडलंय. वर फोडलेला ग्रॅनाइट त्यात टाकायचा, खाली पट्ट्यावरून तो थेट धक्क्यावर यायचा आणि जहाजात पडायचा. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याच्या काँक्रीटमध्येही ग्लेनसांडाचा दगड गेला. गाव नाही, शेजारी नाही, तक्रार नाही. योजना यशस्वी झाली म्हटल्यावर साहजिकच पुढची जागा शोधणं सुरू झालं. ती जागा म्हणजे हॅरिस बेट.

हॅरिस हे नाव काही जणांना परिचित असेल ते ट्वीडच्या कोटामुळे. स्कॉटलंडच्या वायव्येला, बाहेरच्या हेब्रिडीज बेटांच्या माळेत लुईस आणि हॅरिस आहेत. ही खरं तर एकाच भूमीची दोन नावं. लोकांची भाषा गेलिक, धर्म कडक प्रॉटेस्टंट पंथाचा, इतका कडक की रविवारी कुणी दोरीवर कपडेही वाळत घालत नसे. वस्ती दोन हजारांच्या आसपास आणि दर जनगणनेत कमी होत जाणारी. मासेमारी, मेंढ्या, घरच्या मागावरचं ट्वीड आणि उन्हाळ्यातले चार पर्यटक, एवढ्यावर संसार. शिकलेली मुलं ग्लासगोला जातात आणि परत येत नाहीत. आपल्या कोकणातल्या कित्येक गावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

या बेटाच्या दक्षिण टोकाला रोनेव्हल नावाचा डोंगर आहे. उंची ४६० मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. पण त्याचा दगड विशेष. अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा हा फिकट, पांढुरका खडक पृथ्वीवर फार ठिकाणी सापडत नाही. चंद्रावर मात्र तो भरपूर. आपल्याला चंद्राचा जो उजळ भाग दिसतो तो बराचसा याच खडकाचा, आणि १९७१ साली अपोलो-१५च्या अंतराळवीरांनी तिथून आणलेला प्रसिद्ध ‘जेनेसिस रॉक’ हाही त्यातलाच. अर्थात कंपनीला त्याचं चांद्रकुळाशी असलेलं नातं नको होतं. तिला हवी होती कठीण, टिकाऊ खडी, खोल पाण्याच्या काठावर.

रेडलँड अ‍ॅग्रिगेट्स या ब्रिटिश कंपनीने मार्च १९९१ मध्ये अर्ज केला. रोनेव्हलच्या समुद्राकडच्या बाजूला, लिंगरबे इथे खाण. ६० वर्षांत सुमारे ६० कोटी टन दगड काढायचा. पूर्ण जोरात चालू झाली की वर्षाला एक कोटी टन. डोंगराचा कडा पोखरत समुद्रसपाटीच्याही खाली जायचं आणि काम संपलं की त्या खड्ड्यात समुद्राचं पाणी सोडून एक नवी खाडी तयार करायची, अशी कल्पना होती. बदल्यात काही डझन नोकऱ्या आणि स्थानिक निधीसाठी काही रक्कम. महाखाणीच्या नोकऱ्या आकाराच्या मानाने थोड्याच असतात, कारण सगळं काम यंत्रांचं.

इथे थोडं मागे गेलं पाहिजे, कारण हॅरिसच्या लोकांना ‘बाहेरून येणारा मोठा माणूस आणि त्याची मोठी योजना’ हा अनुभव नवा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुपीक गवताळ जमिनी मेंढ्यांसाठी मोकळ्या केल्या आणि माणसांना पूर्वेच्या खडकाळ बाजूला हाकललं. तिथे माती इतकी थोडी की समुद्री शेवाळ पाठीवरून वाहून आणून, खडकावर वाफे रचून लोक बटाटे लावायचे. मेलेल्या माणसाला पुरण्याइतकी खोल मातीही तिथे नव्हती. म्हणून तिरडी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचा आणि पश्चिमेच्या वाळूत दफन करायचं. त्या पायवाटेला आजही शवपेट्यांची वाट म्हणतात. कित्येक कुटुंबं बेट सोडून जहाजाने कॅनडाला, केप ब्रेटनला गेली. ही केप ब्रेटनची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

मग १९१९ साली लॉर्ड लेव्हरह्युम आले. सनलाइट आणि लाइफबॉय साबणाचे हे मालक. आपल्या आजी-आजोबांच्या न्हाणीघरात पोचलेला साबण तो हाच. त्यांनी हॅरिस विकत घेतलं आणि ओब नावाच्या खेड्याला मोठं मासेमारी बंदर बनवायचं ठरवलं. धक्के बांधले, शेड उभारल्या, गावाचं नावही बदलून लेव्हरबर्ग ठेवलं. १९२५ साली ते वारले आणि वारसांनी योजना गुंडाळली. माणसं पुन्हा होती तिथे. गावाच्या पाटीवर मात्र नाव राहिलं. आपल्या खाणीची सुनावणी पुढे याच लेव्हरबर्गमध्ये व्हायची होती.

तर अर्ज आला तेव्हा लोकांची पहिली प्रतिक्रिया काय होती? आपल्याला वाटेल, विरोध. तसं झालं नाही. १९९३ साली बेटावर मतं घेतली गेली तेव्हा बहुमत खाणीच्या बाजूने पडलं. बेटांचं प्रशासन चालवणारी स्थानिक परिषदही परवानगी द्यायच्या विचाराची होती. आणि यात नवल ते काय? गावात दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी नोकरीचं नाव काढत होतं. ज्यांची मुलं घरी येतील ती फक्त सुट्टीला, अशा आईबापांना डोंगराच्या सौंदर्याचं व्याख्यान द्यायला बाहेरच्या माणसाने जाऊच नये. पर्यावरणवाद्यांचं लिखाण वाचताना मला नेहमी खटकतं ते हेच, की लोक खाणीच्या बाजूने बोलले की ते ‘भुललेले’ असतात आणि विरोधात बोलले की ‘जागृत’.

डोंगर राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्रात येत होता, आणि प्रश्न एका बेटापुरता राहिलेला नव्हता. म्हणून स्कॉटलंडच्या मंत्र्यांनी अर्ज स्थानिक परिषदेच्या हातून स्वतःकडे घेतला आणि जाहीर चौकशी नेमली. त्याच वर्षी, १९९४ मध्ये, सरकारने खनिजांविषयीचं धोरणही जाहीर केलं. त्यात ग्लेनसांडा धरून जास्तीत जास्त चार महाखाणींना वाव ठेवला होता. म्हणजे चौकशी सुरू व्हायच्या आधीच दिल्लीने, म्हणजे त्यांच्या एडिंबरा-लंडनने, दार किलकिलं करून ठेवलं होतं.

ही जाहीर चौकशी म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ. आपल्याकडची जनसुनावणी बहुधा एका दिवसात आटोपते. मंडपात टेबल, टेबलामागे अधिकारी, समोर माइक, बाहेर पोलिसांची गाडी. तिकडची चौकशी कोर्टासारखी चालते. सरकारने नेमलेला एक स्वतंत्र अधिकारी, ज्याला तिथे ‘रिपोर्टर’ म्हणतात, तो ऐकतो. कंपनीचे वकील, परिषदेचे वकील, निसर्गसंरक्षण खात्याचे वकील, आणि ज्यांना वकील परवडत नाही ते गावकरी स्वतः. मुख्य म्हणजे प्रत्येक तज्ज्ञाची उलटतपासणी होते. कंपनीचा भूशास्त्रज्ञ म्हणाला की धूळ इतकीच उडेल, तर त्याला विचारता येतं, हे कशावरून? वाऱ्याचा हिशोब कुठल्या केंद्राचा धरला? इथे जानेवारीत वारा कसा वाहतो ते तुम्ही पाहिलंत का?

हॅरिसची चौकशी ऑक्टोबर १९९४ मध्ये सुरू झाली आणि जून १९९५ मध्ये संपली. कधी लेव्हरबर्गमध्ये, कधी लुईसच्या स्टॉर्नोवे शहरात मिळून ऐंशीहून अधिक दिवस कामकाज चाललं. शंभराच्या आसपास साक्षीदार झाले. चौकशी अधिकारी होत्या गिलियन पेन. स्कॉटलंडमधल्या अशा चौकशांत एवढी लांबलेली तोवर झालेली नव्हती.

विषय किती निघाले! सुरुंगांचा आवाज आणि धूळ. रोडेलचं सोळाव्या शतकातलं सेंट क्लेमेंट चर्च, ज्यात मॅक्लाउड सरदाराची काळ्या दगडात कोरलेली १५२८ सालची कबर आहे, ते खाणीपासून हाकेच्या अंतरावर. जहाजं परदेशी बंदरांतून रिकामी येणार, म्हणजे पोटात तोल राखायला समुद्राचं पाणी भरून येणार, आणि ते पाणी इथे सोडणार. त्यातून परके जीव आले तर शिंपल्यांच्या आणि कोळंबीच्या मासेमारीचं काय? आणि रविवार. जहाज रविवारी लागलं तर? यंत्र रविवारी बिघडलं तर? लंडनच्या माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटला असेल. हॅरिसच्या माणसाच्या दृष्टीने हा खाणीतला सर्वांत मोठा सुरुंग होता.

आणि मग नोव्हेंबर १९९४ मध्ये चौकशीत असे तीन साक्षीदार उभे राहिले, ज्यांच्यामुळे हे प्रकरण ब्रिटनबाहेर पोचलं. पहिले अ‍ॅलिस्टर मॅकिंटॉश, लुईस बेटावर वाढलेले लेखक-अभ्यासक. त्यांनीच हा घाट घातला होता. दुसरे प्रा. डोनाल्ड मॅक्लाउड, एडिंबराच्या फ्री चर्च कॉलेजात धर्मशास्त्र शिकवणारे, मूळचे लुईसचे. फ्री चर्च म्हणजे या बेटांवरचा सर्वांत वजनदार पंथ. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की सृष्टी देवाची आहे, माणूस तिचा मालक नव्हे तर विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव वापरता येते, मोडून खाता येत नाही. गांधीजींच्या विश्वस्तपणाच्या कल्पनेची आपल्याला इथे आठवण होईल.

तिसरा साक्षीदार कॅनडाहून आला होता: सुलियन स्टोन ईगल हर्नी, नोव्हा स्कोशियाच्या मिकमॉक या आदिवासी समाजाचा नेता. हा कशाला आला? तर १९८९ साली केप ब्रेटनमधल्या केलीज माउंटन या डोंगरावर अशीच ग्रॅनाइटची महाखाण काढायचा प्रस्ताव आला होता. मिकमॉक लोकांच्या श्रद्धेनुसार तिथल्या गुहेत त्यांचा आदिपुरुष क्लुस्कॅप राहतो. लोक उभे राहिले आणि तो प्रस्ताव बारगळला. ते केप ब्रेटन म्हणजे हॅरिसमधून हुसकावलेले गेलिक लोक जिथे जाऊन वसले तेच. त्यांच्या वसाहतीने मिकमॉकांची जमीन गेली होती. आता त्याच मिकमॉकांचा माणूस समुद्र ओलांडून, हुसकावलेल्यांच्या मूळ गावी त्यांचा डोंगर वाचवायला साक्ष देत होता. इतिहासाने असे योग क्वचितच जुळवून आणलेत.

परवानगीच्या चौकशीत देव आणि आदिपुरुष कशाला, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. कंपनीच्या वकिलांनाही तसंच वाटलं असणार. पण चौकशीत जे आकडे मांडले जातात ते सगळे कुणी तरी मोजू शकतं अशा गोष्टींचे असतात. डेसिबल, टन, पौंड, नोकऱ्या. डोंगर ‘आपला’ आहे याचं एकक नाही. म्हणून ते साक्षीत यायलाच नको, असं म्हटलं तर चौकशी अर्धीच राहते. आणि आलं, तर त्याचं वजन कसं करायचं हा प्रश्न चौकशी अधिकाऱ्याच्या डोक्यावर बसतो. मॅकिंटॉश यांनी पुढे २००१ साली ‘सॉइल अँड सोल’ या पुस्तकात ही सगळी हकिकत सविस्तर लिहिली आहे. पुस्तक त्यांच्या बाजूचं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

चौकशी संपता संपता, मे १९९५ मध्ये, बेटावर पुन्हा मतं घेतली गेली. मतदान ऐंशी टक्क्यांच्या वर. आणि आता जवळजवळ दोन तृतीयांश लोक खाणीच्या विरोधात. दोन वर्षांपूर्वी बाजूने बहुमत, आता विरोधात. पाठोपाठ स्थानिक परिषदेनेही आपली भूमिका बदलली.

मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. दोन वर्षांत माणसं बदलली नव्हती. बेरोजगारी संपली नव्हती. बदललं होतं ते लोकांना ठाऊक असलेलं. पहिल्या वेळी त्यांना ‘खाण हवी का?’ असं विचारलं होतं, आणि खाण म्हणजे त्यांच्या दृष्टीने नोकऱ्या. दुसऱ्या वेळी त्यांनी महिनोन् महिने कंपनीचे आणि विरोधकांचे तज्ज्ञ एकमेकांना प्रश्न विचारताना ऐकले होते. नोकऱ्या नेमक्या किती, कुणाला, किती वर्षांनी, जहाजं किती, सुरुंग दिवसातून किती वेळा. कुणी त्यांना शिकवलं असं म्हणण्यापेक्षा त्यांच्यासमोर उलटतपासणी झाली, असं म्हणणं जास्त बरोबर. मग खरं ‘गावाचं मत’ कुठलं, १९९३चं की १९९५चं? दोन्ही प्रामाणिकच होती. पण परवानगीच्या फायलीला पहिलं जोडलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आता वाटेल, गोष्ट संपली, गाव जिंकलं. छे! खरा घोळ पुढेच आहे.

गिलियन पेन यांना अहवाल लिहायला जवळजवळ चार वर्षं लागली. तो १९९९च्या वसंतात तयार झाला. आणि त्यात त्यांनी शिफारस काय केली? परवानगी द्यावी. डोंगराची हानी होईल हे त्यांनी मान्य केलं होतं, पण दगडाची राष्ट्रीय गरज आणि बेटाचा आर्थिक फायदा त्यांना अधिक वजनदार वाटला. ऐंशीहून अधिक दिवस सगळ्यांचं सगळं ऐकून घेतलेल्या माणसाचं हे मत होतं, हे विसरता येत नाही. लोकांचं म्हणणं ऐकणं आणि लोकांचं म्हणणं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा पहिलीची हमी देतो, दुसरीची नाही.

याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मोठी उलथापालथ झाली होती. जवळजवळ तीनशे वर्षांनी एडिंबरात स्कॉटलंडची स्वतःची संसद बसली. १ जुलै १९९९ पासून तिला अधिकार मिळाले. फाईल नव्या मंत्र्यांकडे गेली आणि तिथेही रेंगाळली. इतकी, की कंपनी कोर्टात गेली आणि न्यायाधीशांनी या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले. कंपनीची बाजूही इथे समजून घ्यावी. अर्ज १९९१चा, निर्णय २०००पर्यंत नाही. दरम्यान मूळ कंपनीच विकली गेली. १९९७ साली लफार्ज या फ्रेंच सिमेंट कंपनीने रेडलँड विकत घेतली. कुठल्याही अर्जदाराला हो किंवा नाही ऐकण्याचा हक्क आहेच.

शेवटी ३ नोव्हेंबर २००० रोजी पर्यावरणमंत्री सॅम गॅलब्रेथ यांनी परवानगी नाकारली. चौकशी अधिकाऱ्याची शिफारस डावलून. कारण दिलं ते असं की राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राची जी हानी होईल ती भरून निघेल इतकी दगडाची गरज किंवा आर्थिक फायदा दिसत नाही. गरजेचा मुद्दा इथे निर्णायक होता. अर्ज आला तेव्हा तज्ज्ञांनी दगडाची मागणी दरवर्षी चढत जाईल असे आलेख काढले होते. प्रत्यक्षात १९८९च्या उच्चांकानंतर ब्रिटनमधली मागणी घटली. पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट पुन्हा वापरायला सुरुवात झाली, आणि एप्रिल २००२पासून तर नव्या खडीवर टनाला १ पौंड ६० पेन्स असा करही लागला. बेटकऱ्यांनी डोंगर वाचवला हे खरं, पण चौकशी आणि निर्णय इतके लांबले की मागणीचा फुगा मधल्या काळात आपोआप बसला, हेही तितकंच खरं. लालफितीचे उपकार मानायची वेळ क्वचितच येते.

लफार्ज गप्प बसली नाही. लिंगरबेला १९६५ साली एका छोट्या खाणीला परवानगी मिळाली होती. ती जुनी परवानगी विस्तीर्ण क्षेत्राला लागू आहे असा दावा तिने केला. जुनी परवानगी झटकून पुढे आणायची, ही युक्ती फक्त आपल्याकडेच चालते असं नाही. त्यावर आणखी काही वर्षं वकिलांची सोय झाली. मग एप्रिल २००४ मध्ये कंपनीने माघार घेतली. अर्जाला तेरा वर्षं झाली होती. विशेष म्हणजे पुढे मॅकिंटॉश याच लफार्जच्या पर्यावरणविषयक सल्लागार मंडळावर बिनपगारी बसले. त्यांच्या काही सहकाऱ्यांना ते रुचलं नसेल, पण शत्रूला सोडून न देता त्याच्याशी बोलत राहायचं हा त्यांचा स्वभाव.

लफार्जचं नाव निघालं आहे तर भारतातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मेघालयात पूर्व खासी टेकड्यांमध्ये, बांगलादेश सीमेजवळ, नोंगट्राय नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या खाणीतून दगड १७ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून सीमा ओलांडून थेट बांगलादेशातल्या छातक इथल्या लफार्जच्या सिमेंट कारखान्यात जातो. हॅरिसमध्ये नकार मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००१ मध्ये, या खाणीला दिल्लीहून पर्यावरण मंजुरी मिळाली. जमीन जंगल नाही, असं तेव्हा कागदावर होतं. नंतर वनखात्याचंच म्हणणं आलं की ती जंगल आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१०च्या फेब्रुवारीत काम थांबलं. आणि ६ जुलै २०११ रोजी न्यायालयाने खाणीला परवानगी कायम केली.

कशाच्या आधारावर? इतर मुद्द्यांबरोबर गावाच्या मताच्या आधारावर. खासी समाजात जमीन कुळांची आणि गावाची असते, आणि गावाचा कारभार दरबार नावाची पंचायत पाहते. नोंगट्रायच्या दरबाराने खाणीला संमती दिली होती. शेजारच्या शेल्ला भागातल्या काही रहिवाशांचा मात्र विरोध होता. न्यायालयाने दरबाराचा शब्द महत्त्वाचा मानला आणि कंपनीवर भरपाईच्या व स्थानिक विकासनिधीच्या अटी घातल्या. म्हणजे तीच कंपनी, तोच प्रश्न. हॅरिसमध्ये लोकांच्या विरोधाने पारडं एका बाजूला झुकवायला मदत केली, तर नोंगट्रायमध्ये लोकांच्या संमतीने दुसऱ्या. ज्यांना ‘लोक म्हणजे विरोध’ असं समीकरण सोयीचं वाटतं त्यांनी नोंगट्राय लक्षात ठेवावं. आणि ज्यांना ‘दरबाराने सही केली म्हणजे झालं’ असं वाटतं त्यांनी हॅरिसची ती दोन मतदानं.

आपल्याकडच्या जनसुनावणीचा जन्मही या हॅरिसच्या काळातलाच. २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली, आणि १० एप्रिल १९९७ पासून तिच्यात जनसुनावणी आली. पुढे १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली. तीस दिवस आधी नोटीस, त्यातली एक स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, सगळ्याचं चित्रीकरण. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याच नियमांत हेही आहे की सुनावणीला कोरमची अट नाही. मंडपात दहा माणसं असली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. आणि उलटतपासणी नाही. कुणी शंका विचारली तर अर्जदाराचा प्रतिनिधी खुलासा करतो, तो इतिवृत्तात नोंदला जातो आणि फाईल पुढे जाते.

दगडखाणीची कथा तर आणखीच वेगळी. दगड, मुरूम, वाळू ही कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिजं’. सोन्या-लोखंडाच्या मानाने गौण, पण विहिरीच्या मानाने मुळीच नाही. पाच हेक्टरच्या आतली खाण केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या जाळ्यातून सुटायची. त्यामुळे झालं काय, तर सलग मोठ्या डोंगराचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडून अर्ज होऊ लागले. कागदावर बारा छोट्या खाणी, जमिनीवर एकच मोठा खड्डा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणीलाही मंजुरी घ्यावी लागेल असं सांगितलं. मग २०१६ साली केंद्राने छोट्या खाणींच्या मंजुरीसाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या आणि सुनावणीची अट सैल केली. २०१८ साली हरित न्यायाधिकरणाने त्यावर आक्षेप घेतला. ही रस्सीखेच बरीच तांत्रिक आहे, आणि तिचे सगळे फेरे इथे सांगत बसलो तर श्रोते रेडिओ बंद करतील. तुमच्या गावाजवळ नवी खाण येत असेल तर तिचं क्षेत्र किती हेक्टर आणि शेजारच्या गटात आणखी कुणाचा अर्ज आहे, ही दोन माहिती तेवढी आधी काढा.

हॅरिसचं पुढे काय झालं? नोकऱ्यांचा प्रश्न खाणीबरोबर निघून गेला नाही. बेटाची लोकसंख्या घटतच राहिली. मात्र जमिनीच्या मालकीत मोठा बदल झाला. २००३ साली उत्तर हॅरिसची हजारो हेक्टरची जमीनदारी तिथल्या रहिवाशांनी स्वतःचा न्यास काढून विकत घेतली. २०१० साली पश्चिमेकडच्या गावांनीही तसंच केलं. ज्या जमिनीवरून त्यांच्या पणजोबांना हाकललं होतं, तीच ही पश्चिम किनाऱ्याची जमीन. २०१५ साली टार्बर्टमध्ये मद्यनिर्मितीचा एक कारखाना सुरू झाला आणि काही तरुणांना बेटावरच काम मिळालं. खाणीच्या बाजूने १९९३ साली मत दिलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला हे पुरेसं वाटतं की नाही, ते त्यालाच विचारलं पाहिजे.

रोनेव्हल उभा आहे. १९६५च्या त्या परवानगीने जेवढा दगड निघाला, त्याची पांढरी खोक लिंगरबेच्या कड्यावर अजून दिसते.